पाच प्रश्नांचा कागद

कागद टेबलावर आला तेव्हा तिने तो आधी उलटा करून पाहिला. मागे काहीतरी असेल, निदान पुरवणी जोडायची सूचना तरी असेल, असं तिला वाटलं होतं. मागे काहीच नव्हतं. पुढच्या बाजूला पाच प्रश्न होते, प्रत्येकासमोर दोन चौकोन, हो आणि नाही, आणि सगळ्यात खाली एक ओळ. पाहणी अधिकाऱ्याची सही.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, मॅडम." रस्तेविभागाचा तरुण अभियंता अजून उभाच होता. त्याला बसायचं नव्हतं, सही घेऊन सुटायचं होतं, हे त्याच्या पायांवरूनच कळत होतं. "नवीन नियम आलाय ना. आहे त्या रस्त्याच्या कडांच्या आत बसची वेगळी मार्गिका, थांबे, सिग्नल, फुटपाथ असलं काही करायचं असेल तर आता पर्यावरणाची पाहणी लागत नाही. सूट आहे. पाच उत्तरं द्यायची, सही करायची, की आपण मोकळे."

मोकळे या शब्दापाशी ती जरा थांबली. तिच्या पाठीमागे भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती आणि मांडणीच्या मधल्या फळीवर त्याच रस्त्याचे नऊ खंड उभे होते. निळ्या पुठ्ठ्याचे, पाठीवर पांढरी अक्षरं. चौदा किलोमीटरचा एक रस्ता, त्यावर बसला स्वतंत्र वाट द्यायची, एवढ्याशा गोष्टीने कुणाचं काय बिघडेल याचा नऊ खंडांचा हिशेब. कचेरीत तिला पाठीमागे 'नऊ खंड' म्हणत. 'नऊ खंड आल्या का', 'नऊ खंड आज रजेवर आहेत'. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट आत कुठेतरी बरंच वाटायचं. पहिल्या खंडाच्या वेळी ती चौतिशीची होती. तेव्हा या कामावर ती आणि वनस्पतीवाले सर असे दोघेच. सर तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून कंटाळलेले आणि इथे येऊन पुन्हा विद्यार्थी झालेले. दोघांनी मिळून गाड्या मोजल्या. आवाज मोजला, धूर मोजला. मोजून होईपर्यंत आकडे शिळे झाले म्हणून पुन्हा मोजले. मग हरकती आल्या. फर्निचरच्या एका दुकानदाराने सुनावणीत पाखरांसाठी डोळ्यांत पाणी आणलं. त्याच्या दुकानापुढे गाड्या लावायची जागा जाणार होती. तो जागेबद्दल बोलला असता तर कुणी ऐकलं नसतं, म्हणून तो पाखरांबद्दल बोलला. मग एक अख्खा हंगाम तिने पाखरं मोजली आणि खरं सांगायचं तर त्या हंगामाइतकी सुखी ती या कचेरीत पुन्हा कधी झाली नाही. सातव्या वर्षी, सहावा खंड चालू असताना, सर गेले. त्यांच्या घरच्यांनी चष्मा आणि कागद अशी एक पिशवी तिच्याकडे आणून दिली. चष्मा तिने परत केला. उरलेले तीन खंड तिने एकटीने केले आणि नववा संपला त्या वर्षी पहिला इतका जुना झाला होता की वरून शेरा आला : पहिल्या खंडाची फेरपाहणी करावी.

आणि आता हा कागद. राग येईल म्हणून तिने वाट पाहिली, पण राग आला नाही. पायरी आहे असं समजून पाय जोरात खाली टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसा एक हिसका सबंध अंगातून गेला. इतकं सोपं होतं हे? अकरा वर्षं एका बंद दाराशी ती कुलपात काड्या फिरवत बसली होती आणि कुणीतरी येऊन बिजागरीच काढून ठेवली. चकित व्हावं तर धड चकितही होता येईना, कारण त्या सोपेपणात एक प्रकारचा भव्यपणा होता. पाच प्रश्न. चौदा किलोमीटर. एक सही.

"उद्या देते," ती म्हणाली.

"उद्या नक्की ना? सोमवारी मशीन यायचंय."

"उद्या."

संध्याकाळी ती घरी जायच्या बसऐवजी त्या रस्त्याच्या बसमध्ये चढली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तिने या रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून, हातात मोजणीयंत्र धरून बस जाताना पाहिल्या होत्या. गर्दीच्या वेळी आत बसून गेल्याचं मात्र तिला आठवेना. आत बसायला नव्हतंच, उभं राहायलाही बेताचंच होतं. कुणाच्या तरी पिशवीतला टोकदार डबा तिच्या गुडघ्याला लागत होता आणि समोरच्या माणसाच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा पसरत चालला होता. बस हलायची, दोन गाड्यांपुरती पुढे सरकायची, थांबायची. खिडकीबाहेर एकेका मोटारीत एकेक माणूस बसलेला, काचा वर, ओठ हलताहेत, गाणं म्हणतोय की कुणाला शिव्या देतोय कळायला मार्ग नाही. आत नव्वद माणसं आणि एक शब्द नाही. तिला वाटलं होतं लोक कुरकुरत असतील. कुरकुर नव्हती. एखाद्या फार मोठ्या घरातली माणसं सवयीने एकमेकांच्या वाटेतून बाजूला होतात तशी ती होत होती. हात वर, पिशवी खाली, खांदा तिरका, उतरणाऱ्याला बोटभर जागा. हे सगळं न बघता, न बोलता. कुणी कुणाला हे शिकवलं असेल?

हॉस्पिटलच्या थांब्यावर तिची धाकटी बहीण चढली. धाकटी तिथल्या धुलाई विभागात कामाला होती, चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे कपडे. तिच्या बोटांची टोकं कायमची पांढरी आणि सुरकुतलेली असत आणि अंगाला एक स्वच्छ, झोंबणारा वास येई. तिने बहिणीला पाहिलं, माणसांमधून वाट काढत आली आणि दांडी धरून शेजारी उभी राहिली.

"तू गं इकडे कशी?"

"सहज."

"सहज म्हणून कुणी या बसमध्ये चढतं होय? डॉक्टरला दाखव."

मग तिने धाकटीला कागदाचं सांगितलं. हळू आवाजात, जरा लाजत, जशी आपली चूक कबूल करावी. धाकटीने ऐकून घेतलं. तिला एकदम आनंद वगैरे झाला नाही. इतक्या वेळा 'आता होणार' हे ऐकून तिचा तो भाग बधिर झाला असावा.

"मग कर की सही."

"करणार आहे."

"मग अकरा वर्षं काय करत होतीस गं?"

यात टोमणा नव्हता. जेवलीस का असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"मोजत होते," ती म्हणाली. "गाड्या, आवाज, धूर. एक वर्ष पाखरं."

"आणि आम्हाला?"

"तुम्हालाही. तक्ता आहे त्याचा. गर्दीच्या तासाला चार हजार दोनशे प्रवासी."

"त्यात मी कितवी?" धाकटी म्हणाली आणि स्वतःच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे मिटले. उभ्या उभ्या ती झोपली. बहीण तिच्याकडे पाहत राहिली. धाकटी सकाळी साडेसहाला घर सोडायची आणि रात्री साडेसातला, आठला परत यायची. जाताना दोन तास, येताना कधी अडीच. तिची मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा सरांनी आणि हिने पहिली मोजणी केली होती. ती मुलगी आता सोळा वर्षांची होती. तक्त्यात हे बसत नव्हतं. तक्त्यात प्रवासी होता, मिनिटं होती. धाकटीचं झोपलेलं तोंड त्यात मांडायला कुठलाच रकाना नव्हता आणि आता, या डुलणाऱ्या गर्दीत, त्या एका तोंडापुढे तिला आपले नऊ खंड फार लांबचे वाटू लागले.

पाण्याच्या टाकीजवळ बस आली तेव्हा एक गोष्ट घडली. धाकटीने डोळे मिटलेलेच ठेवून दुसरा हात वर केला आणि दांडी घट्ट धरली. समोरच्या सदरेवाल्यानेही धरली. मागे पुढे, सगळ्या बसमध्ये, झोपलेल्यांचे, वाचणाऱ्यांचे, गप्प बसलेल्यांचे हात एकदम वर गेले. पुढच्याच क्षणी बस एका उंचवट्यावर चढून धाडकन खाली आपटली. तिने काही धरलेलं नव्हतं. ती तेवढी एकटी कोलमडली आणि तिला पाचसहा हातांनी धरून उभं केलं.

"नवीन दिसता," कुणीतरी म्हणालं.

तिला उंचवटा ठाऊक होता. तो दर दोन वर्षांनी तासून सपाट करत आणि दर दोन वर्षांनी तो परत येई. त्याच्याखाली काय आहे हेही तिला ठाऊक होतं. टाकीच्या कडेला एक झाड होतं. सरांना त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव येत असे, बाकी सगळे टाकीचं झाड म्हणत. त्याच्या सावलीत तीन बस उभ्या राहतील एवढं ते मोठं होतं. पाचव्या की सहाव्या वर्षी सरांनी हट्टाने तिथे तीन चाचणीचे खड्डे खणायची परवानगी मिळवली होती. तिसऱ्या खड्ड्यात, खोडापासून वीस पावलांवर, डांबराच्या थराखाली जेमतेम दीड वितीवर, माणसाच्या मांडीएवढं मूळ निघालं. सर सदरा वर खोचून खड्ड्याच्या काठावर पालथे पडले आणि आत हात घालून त्या मुळावर तळवा ठेवून तसेच पडून राहिले. वरून ट्रक जात होते. तिला काळजी वाटली, तिने हाक मारली. "ये, तूही हात लाव," सर म्हणाले. "ट्रक गेला की हे दबतं आणि परत वर येतं. आपण रस्ता याच्यावर टाकलाय आणि हे कुरकुर न करता धरून बसलंय." चौथ्या खड्ड्याची परवानगी मिळाली नाही. सहाव्या खंडात सरांनी त्या मुळाचा नकाशा काढला. पाहिलं तेवढी अखंड रेघ, पुढचा अंदाज टिंबांनी. रस्त्याच्या मध्यापर्यंत टिंबं आणि तिथे एक प्रश्नचिन्ह.

कागदावरचा चौथा प्रश्न होता, झाडे तोडावी लागतील काय? उत्तर नाही असं होतं आणि ते खरं होतं. एकही झाड तुटणार नव्हतं. फक्त बसच्या मार्गिकेचं काँक्रीट घालायला सगळीकडे दोन फूट खणणार होते आणि दोन फुटांत ते मूळ आणि त्याच्या शेजारची, न पाहिलेली मुळं, मशीनच्या दातांखाली येणार होती. झाड लगेच काही मेलं नसतं. चारपाच वर्षं घेतली असती, एका बाजूने वाळत गेलं असतं आणि एखाद्या वाऱ्याच्या दिवशी थांब्यावर आडवं झालं असतं. हे सगळं तिला माहीत होतं आणि तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अभियंता आला तेव्हा तिने त्याला बसायला लावलं आणि हे सांगितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मॅडम, फॉर्ममध्ये मुळांचं विचारलेलं नाही."

"नाही विचारलेलं."

"तुम्ही खाली एक ओळ लिहिलीत, नुसती एक ओळ, तरी हे परत फिरेल. वरचे म्हणतील, शंका आहे तर पूर्ण पाहणी करा." तो थांबला. त्याला पुढचं बोलायचं नव्हतं, पण बोलला. "माझी आई याच रस्त्याने जाते. मी कॉलेजात होतो तेव्हा ती म्हणायची, पुढच्या वर्षी होणार."

खोलीत पंख्याचा आवाज होता. पेन तिच्या हातात होतं. आयुष्यात प्रथमच तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली. एक ओळ लिहिली तर चौदा किलोमीटर थांबणार होते, चार हजार दोनशे माणसं, एक तास, आणखी एक तास, आणखी किती वर्षं कुणास ठाऊक. नाही लिहिली तर एक झाड. अकरा वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण काहीच ठरवत नाही, आपण नुसतं मोजतो आणि ठरवणारे वर कुठेतरी बसलेत. आणि सगळा वेळ, दर दिवशी, नुसतं मोजत राहून, ती ठरवतच होती. धाकटीची संध्याकाळ ठरवत होती. या मुलाच्या आईची ठरवत होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला अपराधी वाटायच्या आधी थक्क व्हायला झालं. केवढं मोठं काम आपल्या हातून झालं होतं, आणि आपल्याला पत्ता नाही.

तिने पाचही चौकोन भरले. हो, नाही, नाही, नाही, नाही. सगळी उत्तरं खरी होती. तिने सही केली, तारीख टाकली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. मग उठून मांडणीतला सहावा खंड काढला, नकाशाचं पान उघडलं आणि ते कागदाच्या शेजारी ठेवलं.

"सूट तुम्हाला मिळाली. ती मी परत घेत नाही," ती म्हणाली. "पाहणीतून सूट आहे. बघण्यातून नाही. ही पर्यावरणाची भानगड नाही, खडीकामाचं चित्र आहे असं समजा. टाकीजवळ चाळीस मीटर. तिथे मशीन लावू नका, एवढंच माझं म्हणणं. आधी हवेने माती उडवून बघा."

त्याने नकाशा जवळ ओढला. या नऊ खंडांपैकी एकही त्याने आजवर उघडला नव्हता, हे तो लपवू शकला नाही. बराच वेळ तो त्या टिंबांवरून बोट फिरवत राहिला.

"हे प्रश्नचिन्ह कशाचं?"

"त्यापुढचं आम्हाला माहीत नाही."

"तुम्हालाही?"

"आम्हालाही."

यावर तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून हसला. "केबलसाठी वापरतो तो कंप्रेसर आहे," तो म्हणाला. "रविवारी सकाळी अर्धा रस्ता बंद ठेवता येईल. मुकादमाला विचारतो."

रविवारी ती गेली तेव्हा डांबराची कातडी सोलून बाजूला लावलेली होती आणि दोघं जण जाड नळीने जमिनीवर हवा सोडत होते. मातीचा लालसर धुरळा उडत होता आणि त्या धुरळ्यात माणसांचे पाय तेवढे दिसत होते. मुकादम हा पन्नाशीचा, बारीक, तोंडाला फडकं बांधलेला माणूस. त्याने तिला आधी हटकलं, मग अभियंत्याने सांगितल्यावर एक उलटी बादली बसायला दिली.

"बाई, सकाळपासून हवा मारतोय," तो म्हणाला. "हे काही संपायचं लक्षण दिसत नाही."

"म्हणजे?"

"बघाच तुम्ही."

त्याने हात वर केला. कंप्रेसर थांबला. एकाएकी पडलेल्या त्या शांततेत धुरळा खाली बसत गेला, अगदी सावकाश, आणि खालचं वर येऊ लागलं. तिला आधी वाटलं की खड्ड्यात काहीतरी विणून ठेवलंय. मांडीएवढं ते मूळ तिला ओळखू आलं, पण ते एकटं नव्हतं. त्याच्यातून दंडाएवढी निघाली होती, दंडातून मनगटाएवढी, मनगटातून बोटं, बोटांतून सुतळ्या, सुतळ्यांतून केस. ती एकमेकांवरून, एकमेकांखालून गेली होती आणि जिथे एकमेकांना भेटली होती तिथे जोडली जाऊन एक झाली होती. खडीचे दगड त्यांनी मुठीत धरावेत तसे धरलेले होते. एक जुना, कधीचा बंद पडलेला मातीचा नळ त्यांनी असा वेढला होता की नळ कुठे संपतो नि मूळ कुठे सुरू होतं कळत नव्हतं. रंग तिच्या कल्पनेत होता तसा मातकट नव्हता. धुतल्यासारखी तांबूस, कुठे गुलाबी, टोकांना दुधासारखी पांढरी. आणि हे सगळं रस्त्याच्या मध्यावर थांबलं नव्हतं. सरांचं प्रश्नचिन्ह जिथे होतं तिथे तर ते आणखी रुंद झालं होतं आणि पुढे, पलीकडच्या फुटपाथाखाली, भिंतीखाली, जिथवर खणलं होतं तिथवर गेलं होतं, आणि त्याच्याही पुढे जात असणार हे त्याच्या जाण्याच्या ऐटीवरूनच दिसत होतं.

ती बादलीवरून कधी उठली ते तिला कळलं नाही. नऊ खंडांत हे नव्हतं. पाच प्रश्नांत नव्हतं. अकरा वर्षं ती ज्याच्या काठावर खुर्ची टाकून बसली होती ते इतकं मोठं होतं आणि तिला त्यातली वीतभर रेघ ठाऊक होती. सर असते तर? सर काही बोलले नसते, पालथे पडले असते. तिला दुःख झालं नाही. उलट फार दिवसांनी आपण फार लहान आहोत हे कळल्याचा एक थंडगार, सुखाचा शहारा आला.

उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून येणारी बस तिथे येऊन थांबली. चालकाने मान बाहेर काढून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग एकेक करत माणसं उतरली. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. ती दोरीच्या अलीकडे येऊन ओळीने उभी राहिली, हातात पिशव्या, डबे, झोपलेली मुलं. जी रोज न बघता हात वर करत होती तीच ही माणसं, निदान तशीच. हात वर कशासाठी जात होता ते आता ती बघत होती.

"पाइप आहे का हो?" एका बाईंनी विचारलं.

"नाही बाई," मुकादम म्हणाला. त्याने तोंडावरचं फडकं काढलं होतं. "त्या झाडाचं आहे."

बाईंनी झाडाकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग रस्त्यापलीकडे, आणि मनात अंतर मोजून झाल्यावर नुसतं "अगंबाई" म्हणाल्या, तेही अगदी हळू, देवघरात बोलावं तसं. चालकाने विचारलं, मग आपण इतके दिवस याच्यावरून जात होतो? अभियंता खड्ड्यात उतरून उकिडवा बसला होता. त्याच्या हातात मोजपट्टी होती, पण ती त्याने उघडली नव्हती.

"इथे दोन फूट खणता येणार नाही म्हणजे," तो शेवटी वर बघून म्हणाला, "आपल्याला खालून वर यायला पाहिजे, मॅडम. रस्ताच वर उचलायचा. खाली मोठे दगड, मधे मोकळी जागा, वर पुलासारखी फरशी. चाळीसच मीटर तर आहे."

"जमेल?"

"जमवावं लागेल. हे तोडायला माझा माणूस तयार होणार नाही. विचारा त्यांना."

मुकादमाने विचारायच्या आधीच मान हलवली. "ऊन चढायच्या आत ओली पोती टाकायला हवीत," तो म्हणाला. "केसांसारखी आहेत ती, तासाभरात जळतील. बाई, उतरता का? माणसं कमी आहेत."

ती उतरली. चपला काढून, साडीचा काठ खोचून, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती रस्त्याच्या आत उतरली. पोती जड होती, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. एकेक पोतं ती अंथरत गेली, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं, कुठे दुखू नये म्हणून कडा हाताने दाबत. वरून कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मग दोन उतारूही दोरी ओलांडून खाली आले आणि मुकादमाने त्यांना हटकलं नाही.

काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे लांबलं, तेवढंच. टाकीजवळ रस्ता हातभर वर आला, आणि वर आलाच आहे तर तिथला थांबाही त्याच उंचीला घेतला, त्यामुळे म्हाताऱ्यांना बसमध्ये पाय उचलावा लागेनासा झाला. पुढच्या पालवीला झाड सगळीकडून सारखं फुटलं. तिने रोज जाऊन पाहिलं, एका बाजूला कमी तर नाही ना. नव्हतं. नऊ महिन्यांनी बसची मार्गिका सुरू झाली. समारंभाला तिला बोलावणं होतं, पण त्या दिवशी कचेरीत पाच प्रश्नांचे आणखी सात कागद येऊन पडले होते, सात वेगळ्या रस्त्यांचे, आणि प्रत्येकावर सही करायच्या आधी तो रस्ता एकदा चालून यायचं असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला रकानाही नव्हता. त्या आठवड्यात तिचा दुसरा रस्ता चालून झाला होता, पाय भरून आले होते, आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली असताना धाकटीचा फोन आला. सहा वाजायला आले होते.

"ताई, मी घरी पोचले."

"आत्ता?"

"पन्नास मिनिटांत. मला वाटलं मधेच कुठेतरी उतरले की काय." पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग तो थांबला. "ताई, ऐक ना. आमच्या भिंतीवर ऊन आलंय."

"ऊन?"

"समोरच्या. खिडकीतून तिरकं येतं, सबंध भिंतभर. सोन्यासारखं. अकरा वर्षं राहतोय इथं, मी कधी पाहिलंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी या वेळी मी बाजारात असते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी पोरीला म्हटलं, बघ गं, बघ काय आलंय. तर ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, आई, ते रोज येतं. मी रोज त्यातच अभ्यास करते."

फोन चालूच होता. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकवल्याचा, आणि धाकटी मुलीला विचारत होती, मी इथं बसू का, तुला अंधार तर नाही ना होणार.